सेवेसाठी परदेशी : कोल्हापूरच्या अनुभवाच्या दोन बाजू

आपला देश सोडून दुसऱ्या देशात जाणे, तिथल्या एखाद्या गावात किंवा वस्तीत काही महिने वा काही वर्षे राहणे, शाळेत शिकवणे, दवाखाना उभा करण्यास हातभार लावणे, पाणी, शेती किंवा बचत गटाच्या कामात सहभागी होणे आणि या साऱ्याबद्दल पगाराची अपेक्षा न ठेवणे, या प्रकाराला आज आंतरराष्ट्रीय स्वयंसेवा असे नाव रूढ झाले आहे. काही संस्था अशा स्वयंसेवकाला राहण्याजेवण्यापुरता भत्ता देतात, तर काही ठिकाणी स्वयंसेवकालाच या अनुभवासाठी पैसे मोजावे लागतात, आणि या दोन टोकांच्या मध्ये हेतू, मुदत व जबाबदारी यांचे असंख्य प्रकार आढळतात. हा सारा व्यवहार अलीकडच्या काळातील आणि पाश्चात्त्य विद्यापीठांच्या आवारात जन्मलेला आहे, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी त्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचा धागा थेट कोल्हापूरपर्यंत येऊन पोहोचतो. कारण या शहराने परदेशातून आलेले शिक्षक व डॉक्टर पाहिले, परदेशी सेवेची जगातील एक फार मोठी विद्यार्थी चळवळ उभारणारा माणूस याच शहरात जन्मला, आणि परक्या देशात सेवा करताना देह ठेवलेल्या एका मराठी डॉक्टरची कथा जगापुढे मांडणारा चित्रपटकारही याच मातीतला होता.

या इतिहासाचा आरंभ १८५२ मध्ये होतो. अमेरिकेतील बोस्टन येथील ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेतर्फे अहमदनगर येथे काम करणारे रॉयल गूल्ड वायल्डर हे त्या वर्षी पत्नी एलायझा यांच्यासह कोल्हापूरला आले. त्या वेळच्या संस्थानी कोल्हापुरात परक्या धर्माचा प्रचारक येऊन राहतो ही गोष्टच लोकांना रुचणारी नव्हती, आणि त्यांना हुसकावून लावण्याचे प्रयत्नही झाले. वायल्डर मात्र टिकून राहिले, मराठीतून बोलू लागले आणि प्रवचनांच्या बरोबरीने त्यांनी शाळा काढल्या. त्यांच्या कारकिर्दीत सुमारे ३,३०० मुलांना या शाळांतून शिक्षण मिळाले व त्यांपैकी ३०० मुली होत्या, अशी नोंद जुन्या अमेरिकी चरित्रकोशात आढळते. मुलीने शाळेत जाणे हीच जेव्हा घराण्याच्या अब्रूला लागणारी गोष्ट समजली जात होती, त्या काळातील हा आकडा आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे त्याचे वजन कळते.

वायल्डर यांच्या चरित्रातील सर्वांत उद्बोधक भाग मात्र त्यांच्या आणि त्यांच्याच संस्थेच्या भांडणाचा आहे, आणि परदेशी सेवेचा विचार करणाऱ्या कोणीही तो बारकाईने पाहावा इतका तो आजच्या परिस्थितीशी जवळचा आहे. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात पाहणीसाठी आले आणि त्यांनी असे धोरण ठरवले की मिशनऱ्यांनी मुख्यतः देशी भाषांतून उपदेश करावा, इंग्रजी शिक्षणावर व सर्वसामान्य मुलांसाठी चालवलेल्या शाळांवर पैसा व शक्ती खर्च करू नये. वायल्डर यांना हे मान्य नव्हते. शाळा ही लोकांची गरज आहे आणि लोकांपर्यंत पोहोचण्याचा तोच खरा मार्ग आहे, असे त्यांचे मत होते. ते त्यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, हिंदुस्थानातील मिशन शाळांविषयीच्या पुस्तकात सविस्तर मांडले, आणि पुढे बोर्डाशी संबंध तुटल्यानंतर कित्येक वर्षे स्वतंत्रपणे वर्गण्या गोळा करून कोल्हापूरचे काम चालू ठेवले. १८७० मध्ये हे काम अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन पंथाच्या मंडळाकडे गेले. गावाला काय हवे हे गावात राहणाऱ्याने ठरवायचे की हजारो मैलांवरून पैसे पाठवणाऱ्याने, हा या वादातील मूळ प्रश्न होता. आजही परदेशी देणगीवर चालणाऱ्या कितीतरी प्रकल्पांत अहवालाचे नमुने, उद्दिष्टांचे आकडे आणि कामाचा क्रम दूरच्या कार्यालयात ठरतो, व प्रत्यक्ष वस्तीत काम करणाऱ्याला त्या चौकटीत आपले अनुभव कोंबावे लागतात. गावात राहणाऱ्याच्या अनुभवाला अधिक मान असावा, ही वायल्डर यांची बाजू या लेखात निःसंकोचपणे योग्य मानली आहे.

वायल्डर कुटुंब १८७५ मध्ये अमेरिकेला परतले. कोल्हापुरात १८६३ साली जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. पुढे प्रिन्स्टन येथे शिकत असताना त्याने आणि त्याची बहीण ग्रेस हिने परदेशात सेवेला जाण्याची इच्छा असलेल्या विद्यार्थ्यांना एकत्र आणण्यास सुरुवात केली. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील माउंट हर्मन येथे सुमारे अडीचशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे शिबिर भरले असता त्यांपैकी शंभर जणांनी परदेशात जाण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. त्यानंतरच्या वर्षात रॉबर्टने एका सहकाऱ्यासह अमेरिका व कॅनडातील महाविद्यालये पालथी घातली, आणि १८८८ मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ ही संघटना रीतसर स्थापन झाली. पुढील काही दशकांत या चळवळीच्या प्रेरणेने सुमारे २० हजार तरुण-तरुणी आशिया, आफ्रिका व अन्य खंडांत गेले. विद्यार्थ्याने शिक्षण संपवून परक्या देशात शिकवायला किंवा शुश्रूषा करायला जावे, ही कल्पना पाश्चात्त्य महाविद्यालयांत रुजवण्यात या चळवळीचा वाटा मोठा आहे, आणि तिच्या संस्थापकाचे बालपण कोल्हापुरात गेले ही गोष्ट खुद्द कोल्हापुरातही फारशी कोणाला ठाऊक नाही. ग्रेस वायल्डर स्वतः आईसह पुन्हा या भागात परतल्या आणि त्यांनी आपले पुढील आयुष्य इथल्या कामाला वाहिले.

या साऱ्यांचा हेतू केवळ शिक्षणप्रसाराचा नव्हता, धर्मप्रसार हाच त्यांचा घोषित उद्देश होता, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. शाळा आणि दवाखाना यांच्यामागून धर्मांतराची अपेक्षा येत असे, आणि त्यामुळे समाजात जो संशय निर्माण झाला तो अकारण नव्हता. तथापि, सेवा देणाऱ्याचा हेतू एक असतो आणि सेवा घेणारा समाज तिचा उपयोग आपल्या हेतूसाठी करतो, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण अहमदनगर येथे सापडते. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि नंतर अहमदनगर येथे मुलींच्या शाळा चालवू लागल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले त्यात फरार यांच्या शाळेचा वाटा होता. फरार यांना अभिप्रेत असलेला धर्म फुले दांपत्याने स्वीकारला नाही. शिकवण्याची विद्या मात्र घेतली, तिला शूद्रातिशूद्रांच्या व स्त्रियांच्या मुक्तीची जोड दिली, आणि बाहेरून आलेले काम अशा रीतीने इथले झाले. परदेशी सेवेच्या यशाची याहून चांगली कसोटी सापडणे कठीण आहे.

कोल्हापूरच्या बाबतीत असाच एक प्रसंग आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात येतो. त्यांचे पती गोपाळराव हे टपाल खात्याच्या नोकरीत कोल्हापूरला असताना १८७८ मध्ये त्यांनी पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी साहाय्य मागणारे पत्र मिशनऱ्यांना लिहिले. रॉयल वायल्डर तेव्हा प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढत होते. त्यांनी उत्तरात धर्मांतराची अपेक्षा सूचित केली, गोपाळरावांनी ती मानली नाही, आणि तो पत्रव्यवहार नियतकालिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना तो अंक चाळला आणि कोणत्याही संस्थेची मध्यस्थी नसताना, कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्या पत्रातून जे नाते जुळले त्याच्या बळावर आनंदीबाई अमेरिकेत राहिल्या, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळवली, आणि कोल्हापूर संस्थानाने त्यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील, म्हणजे आजच्या सीपीआरमधील, स्त्री विभागाच्या डॉक्टर म्हणून नेमणूक केली. क्षयाने त्यांना ते काम करू दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. संस्थेने घातलेली अट आणि एका बाईने केवळ माणुसकीने पुढे केलेला हात, या दोहोंतील अंतर या एका प्रकरणात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

मिरजेचे वॉन्लेस रुग्णालय हा या परंपरेचा दक्षिण महाराष्ट्राला सर्वाधिक परिचित असलेला वारसा आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले, आधी सांगलीत व नंतर मिरजेत त्यांनी काम सुरू केले, १८९४ मध्ये रुग्णालयाची इमारत उभी राहिली, आणि जवळजवळ चाळीस वर्षे ते इथे राहिले. त्यांच्या शस्त्रक्रियांची कीर्ती मोठी होती; पण त्यांनी स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण देण्याची सोय केली, हे त्यांचे अधिक टिकाऊ काम ठरले. एक कुशल शल्यचिकित्सक आयुष्यभरात काही हजार रुग्ण बरे करील. पण त्याने शिकवलेले डॉक्टर आणि परिचारिका तो गेल्यावरही गावोगावी काम करत राहतात. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष शिक्षणासाठी याच रुग्णालयाचा आधार घेण्यात आला, आणि मिरज हे वैद्यकीय सेवेचे केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले त्यामागे ही शिकवण्याची परंपरा आहे. कोल्हापुरातील मेरी वॉन्लेस रुग्णालय, एस्तेर पॅटन हायस्कूल, आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल आणि वायल्डर मेमोरियल चर्च ही नावे रोजच्या बोलण्यात येतात. रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही ती उच्चारली जातात.

विसाव्या शतकात सेवेपासून धर्मप्रचार हळूहळू वेगळा होत गेला. पिएर सेरेझोल या स्विस अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, फ्रान्समधील उद्ध्वस्त झालेल्या एका खेड्याच्या पुनर्बांधणीसाठी कालपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्या देशांतील तरुणांना एकत्र आणले आणि त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली. निरनिराळ्या देशांतील लोकांनी एकत्र राहून अंगमेहनतीचे काम करायचे, या पद्धतीला श्रमछावणी म्हणतात. बिहारमध्ये जानेवारी १९३४ मध्ये झालेल्या भूकंपानंतर सेरेझोल स्वतः तिथे पुनर्वसनाच्या कामाला आले होते. बाबा आमटे यांच्या आनंदवनातही १९५० च्या दशकात या संघटनेच्या परदेशी स्वयंसेवकांनी इमारतीचे काम केले; कुष्ठरोगाच्या भीतीने जिथे आसपासचे लोक पाऊल ठेवत नव्हते तिथे ही परदेशी मुले दगड-विटा वाहतात, हे पाहून परिसरातील लोकांची भीती कमी होण्यास मदत झाली, आणि त्या श्रमांचा हा परिणाम बांधलेल्या भिंतींपेक्षा मोठा होता.

अमेरिकेने १९६१ मध्ये ‘पीस कोअर’ ही सरकारी योजना सुरू केली. १९६१ ते १९७६ या काळात तिचे चार हजारांहून अधिक स्वयंसेवक भारतात येऊन गेले. त्यांत शेती, कुक्कुटपालन, आरोग्य आणि शिक्षण या क्षेत्रांत काम करणाऱ्यांचा भरणा होता. त्यांच्यापैकी महाराष्ट्राशी जोडले गेलेले सर्वांत प्रसिद्ध नाव लिलियन कार्टर यांचे आहे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या या मातोश्री व्यवसायाने परिचारिका होत्या, १९६६ मध्ये वयाच्या ६८ व्या वर्षी त्या स्वयंसेविका म्हणून मुंबईला आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत सुमारे २१ महिने त्यांनी दवाखान्याचे काम केले. रुग्णांना हात लावायला शिकणे हे त्यांना सुरुवातीला जड गेले, हे त्यांच्या घरच्यांना लिहिलेल्या व नंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रांवरून दिसते. अशा सेवेसाठी तरुण वय अनिवार्य नसते, अंगात एखादे पक्के कौशल्य आणि शिकण्याची तयारी असावी लागते, हे त्यांच्या उदाहरणावरून पटते.

या सर्व उदाहरणांत देणारा पाश्चात्त्य आणि घेणारा भारतीय असे चित्र दिसते, पण तेच संपूर्ण चित्र नव्हे. १९३८ मध्ये जपानच्या आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनला काँग्रेसतर्फे पाच डॉक्टरांचे पथक पाठवण्यात आले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर हे दोन मराठी डॉक्टर होते. पथकातील इतर सहकारी काम संपवून एकेक करून मायदेशी परतले, कोटणीस थांबले. वडिलांच्या निधनाची वार्ता आली तरी ते परतले नाहीत. ते चिनी भाषा बोलायला, वाचायला आणि लिहायला शिकले, डॉ. नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन डॉक्टरच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या शांतता रुग्णालयाचे संचालक झाले, तिथल्या वैद्यकीय शाळेत चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले, आणि गुओ छिंगलान या परिचारिकेशी विवाह करून तिथेच संसार थाटला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या जीवनावर ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ मध्ये कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी काढला आणि कोटणीस यांची भूमिका स्वतः केली. चीनमध्ये कोटणीस यांच्याविषयी आजही जो आदर व्यक्त होतो त्यामागे त्यांच्या हौतात्म्याइतकाच त्यांच्या भाषेचा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा भाग आहे.

भाषेचा हा मुद्दा फलटणच्या एका कामात अधिक जवळून पाहता येतो. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषी १९६१ मध्ये भारतात आल्या, पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी भाषाविज्ञानात डॉक्टरेट मिळवली, अभ्यासासाठी फलटणला येऊन राहिल्या आणि १९७८ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. फलटणमधील दलित वस्तीतील मुले शाळेत जातात आणि तरीही त्यांना वाचता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले, तेव्हा त्यांनी वस्तीत जाऊन मुलांना शिकवण्यास प्रारंभ केला. मुळाक्षरांची अख्खी माला आधी पाठ करून घ्यायची आणि काना-मात्रा खूप नंतर शिकवायच्या, या रूढ पद्धतीत मूल कित्येक महिने अर्थहीन घोकंपट्टी करत राहते, असा त्यांचा अनुभव होता. त्यांच्या पद्धतीत थोडी अक्षरे आणि एखाददुसरे स्वरचिन्ह एकत्र घेतले जाते, जेणेकरून मुलाला लगेच शब्द वाचता यावेत. ‘क’, ‘म’, ‘ल’ आणि काना एवढ्याच सामग्रीतून ‘काम’, ‘कमल’, ‘काल’, ‘माल’, ‘लाल’, ‘मामा’, ‘काका’ असे कितीतरी शब्द तयार होतात, आणि आपण वाचू शकतो हा विश्वास मुलाला आठवडाभरात येतो. या कामातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि पुढे कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. ज्यांचे नाव या शाळेला दिले आहे त्या कमलाबाई निंबकर याही जन्माने अमेरिकन होत्या. विवाहाने त्या निंबकर कुटुंबात आल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे, म्हणजे अपंगत्व आलेल्या व्यक्तीला दैनंदिन कामे पुन्हा करता यावीत यासाठी द्यावयाच्या उपचारांचे, भारतातील पहिले विद्यालय सुरू केले. फलटणची मुले बर्नसन यांना ‘मॅक्सीनमावशी’ म्हणतात. परदेशातून आलेल्या व्यक्तीला साहेब किंवा मॅडम न म्हणता मावशी म्हटले जाणे, हे त्या गावाने दिलेले सर्वांत मोठे प्रमाणपत्र होय.

आजचे चित्र पुष्कळ बदललेले आहे. पाश्चात्त्य देशांतील विद्यार्थी सुट्टीत दोन ते आठ आठवड्यांसाठी आशिया-आफ्रिकेत येतात, मध्यस्थ कंपन्या त्यांच्याकडून शुल्क घेऊन त्यांची सोय लावतात, आणि पर्यटन व सेवा यांचे हे मिश्रण एक मोठा व्यवसाय बनले आहे. अशा अल्पकालीन भेटींनी त्या विद्यार्थ्याच्या मनावर चांगला परिणाम होतो, त्याची दृष्टी विस्तारते, यात शंका नाही. प्रश्न असतो तो वस्तीला काय मिळते याचा. कोल्हापूर जिल्ह्यातील वीटभट्ट्यांचे आणि ऊसतोडीचे वेळापत्रक या संदर्भात पाहण्यासारखे आहे. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, उचल घेतलेली ऊसतोड कुटुंबे मुकादमामागोमाग बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून येतात आणि फडाजवळ कोप्या बांधून राहतात, त्याच काळात वीटभट्ट्याही पेटतात, आणि या कुटुंबांतील मुले आपल्या गावच्या शाळेपासून तुटतात. हंगाम मार्च-एप्रिलमध्ये आटोपतो, भट्ट्या पावसाच्या तोंडावर बंद होतात आणि कुटुंबे गावी परततात. युरोप-अमेरिकेतील विद्यार्थ्याला मोकळा वेळ मिळतो तो जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे पंचगंगेला पूर येण्याच्या दिवसांत, जेव्हा त्या कोप्यांत आणि भट्ट्यांवर एकही मूल नसते. ज्या मुलांना शिक्षकाची सर्वाधिक गरज आहे त्यांच्या वेळापत्रकाशी स्वयंसेवकाचे वेळापत्रक जुळतच नाही, आणि मग त्याला नेले जाते ते शहरातील एखाद्या सुस्थितीतील शाळेत, इंग्रजी गाणी शिकवण्यासाठी. स्थलांतरित मुलांसाठीच्या साखरशाळा, हंगामी वसतिगृहे आणि भट्ट्यांवरील वर्ग हे काम शेवटी इथल्या कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनीच चालवले आहे. कोल्हापूरच्या ‘अवनि’ संस्थेचे वीटभट्टीवरील मुलांसाठीचे काम त्यांपैकीच एक आहे.

अनाथाश्रमांतील स्वयंसेवा हा याहून गंभीर विषय आहे. लहान मुलाला माया लावणारी व्यक्ती तीन आठवड्यांनी निघून जाते, तिच्या जागी दुसरी येते, आणि हे वर्षानुवर्षे चालू राहते, तेव्हा त्या मुलाच्या मनात नात्यांविषयी कायमची असुरक्षितता घर करते, असा इशारा बालमानसशास्त्राचे अभ्यासक देत आले आहेत. नेपाळ आणि कंबोडिया या देशांत तर परदेशी पाहुण्यांच्या पैशासाठी, आईवडील हयात असलेल्या मुलांनाही आश्रमात आणून ठेवल्याचे प्रकार उघडकीस आले, आणि ऑस्ट्रेलियाच्या संसदेने अशा व्यवहाराची दखल आधुनिक गुलामगिरीच्या प्रश्नाचा एक भाग म्हणून घेतली. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलांची काळजी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे. ती तपासल्याशिवाय कोणत्याही पाहुण्याने, तो परदेशी असो वा पुण्या-मुंबईचा, अशा संस्थेच्या मुलांत वावरू नये. मुलांबरोबर छायाचित्रे काढून ती मिरवणे हा सेवेचा भाग नाही, हेही इतक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

चांगल्या पद्धतीची उदाहरणेही महाराष्ट्रातच आहेत. जामखेड येथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पात गावातील, बहुधा अल्पशिक्षित व अनेकदा दलित समाजातील, स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्यात आले. पुढे जगभरातील डॉक्टर आणि विद्यार्थी हा प्रकल्प पाहण्यासाठी व तिथे प्रशिक्षण घेण्यासाठी येऊ लागले. या व्यवस्थेत पाहुणा शिकण्यासाठी येतो आणि शिकवण्याच्या जागी गावातील बाई असते. बाळंतपण, कुपोषण, पाणी, अंधश्रद्धा यांविषयी तिला जे ठाऊक आहे ते वैद्यकीय पदवीधराला ठाऊक नसते, आणि तो ते मान्य करून तिच्यासमोर जमिनीवर बसतो. अल्पकाळासाठी येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यासाठी यापेक्षा योग्य भूमिका दुसरी नाही. कोल्हापूरच्या संस्थांनीही परदेशी विद्यार्थी स्वीकारताना ‘तुम्ही काय शिकवाल’ याआधी ‘तुम्ही कोणाकडून काय शिकाल’ असे विचारावे.

कोल्हापूर-सांगलीच्या तरुणांनाही आता परदेशात सेवेला जाण्याच्या वाटा खुल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९७० मध्ये मंजूर केलेला आणि आज जर्मनीतील बॉन येथून चालणारा ‘संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक’ हा कार्यक्रम त्यांपैकी सर्वांत विश्वासार्ह आहे; नोंदणीसाठी त्यात शुल्क घेतले जात नाही, निवड झाल्यास निर्वाहभत्ता मिळतो, आणि घरी बसून संगणकाद्वारे करण्याची कामेही उपलब्ध असतात. जाण्यापूर्वी मोठे शुल्क मागणाऱ्या मध्यस्थाबाबत मात्र काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : शुल्कातील किती रक्कम प्रत्यक्ष वस्तीपर्यंत पोहोचते, काम कोणत्या स्थानिक संस्थेच्या देखरेखीखाली आहे, स्वयंसेवक परतल्यावर ते कोण पुढे चालवणार आहे, आणि तिथली भाषा शिकण्याची काय सोय आहे. यांपैकी शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर मिळत नसेल तर जाऊ नये.

आणि ज्यांना जायचे आहे त्यांनी जाण्याआधी एक हंगाम, दिवाळीपासून मार्चपर्यंत, आठवड्यातील दोन संध्याकाळी आपल्याच तालुक्यातील एखाद्या कोप्यांच्या तळावर किंवा भट्टीवर मुलांना वाचायला शिकवण्यासाठी द्याव्यात. तिथे येणारी कित्येक मुले घरी वडारी, बंजारा किंवा कन्नड बोलतात, त्यामुळे परक्या भाषेतील मुलाला शिकवणे म्हणजे काय याचा अनुभव तिथेच मिळतो. त्यासाठी ना पासपोर्ट लागतो ना व्हिसा, आणि तिथे शिकवणाऱ्यांची गरज दर हंगामात असते.